पोर्तोफेराइओ: मेदिचींच्या तटात राहणारं एल्बावरचं गाव

एल्बा बेटाला चाललोय म्हटलं की इटलीतले लोकसुद्धा आधी नेपोलियनचंच नाव काढतात. तो तिथे जेमतेम १० महिने होता. ज्या गावात तो राहिला ते पोर्तोफेराइओ मात्र त्याच्या अडीचशेहून जास्त वर्षं आधी फ्लोरेन्सच्या कोझिमो दे मेदिचीने बांधलं, तट, बुरूज, बंदर, घरं सगळं एकाच आराखड्यात, आणि त्याचं नाव फारसं कुणाच्या तोंडी नसतं. मला त्या तटाबद्दलच जास्त लिहायचंय. नेपोलियन येईलच मध्ये मध्ये, त्याला टाळून तिथे फिरताच येत नाही.

सोबत आई होती आणि दादा. दादा पिसाला नोकरीला असतो, आई त्याच्याकडे आली होती, मी सुट्टी काढून गेले. सप्टेंबरचा शेवट होता. हा सीझन मी सगळ्यांना सांगेन, ऑगस्टमधली गर्दी ओसरलेली असते, समुद्राचं पाणी अजून कोमट असतं आणि जेवायला जागा मिळते.

शुक्रवार: बंदरात शिरताना

पिसाहून ट्रेन, काम्पिल्या मारित्तिमाला बदलायची, मग पिओम्बिनो, तिथून फेरी. फेरीला तासभर लागतो. एक लक्षात ठेवा, ट्रेनचं तिकीट 'पिओम्बिनो मारित्तिमा'पर्यंतचं काढा, ते स्टेशन धक्क्यालाच लागून आहे, नुसतं पिओम्बिनो म्हणजे गावातलं स्टेशन.

फेरीवर वरच्या डेकवर जाऊन उजव्या बाजूला उभं राहायचं. बेटाचा किनारा बराच वेळ नुसता हिरवा दिसतो, डोंगर, झुडपं, मधेच एखादं घर. मग बोट आखातात वळते आणि उजवीकडे एकदम गावच समोर येतं. आधी उंच कड्यावर दीपगृह आणि त्याच्याभोवती फोर्ते स्तेल्ला ह्या किल्ल्याच्या भिंती, मग पिवळी, गुलाबी, फिकट केशरी घरं एकावर एक चढत गेलेली, त्यांच्या पलीकडे सगळ्यात उंच फोर्ते फाल्कोने, आणि खाली पाण्याच्या अगदी तोंडाशी लिंग्वेल्लाचा लालसर अष्टकोनी बुरूज. आई रेलिंगला धरून बघत होती, म्हणाली, "अगं, किल्ला कुठे संपतो आणि गाव कुठे सुरू होतं ते कळतच नाहीये." हेच ह्या गावाचं खरं वैशिष्ट्य आहे आणि ते तिला बोटीवरूनच दिसलं.

फेरी लागते नव्या बंदरात, तिथून जुन्या गावात चालत दहाएक मिनिटं. जुनं बंदर म्हणजे दार्सेना, घोड्याच्या नालेच्या आकाराचं. एका टोकाला लिंग्वेल्ला, दुसऱ्या टोकाला गाल्लो बुरूज, मधल्या पाण्यात आता मासेमारीच्या होड्या आणि श्रीमंतांच्या नौका बाजूबाजूला बांधलेल्या असतात. धक्क्याच्या मध्यावर पोर्ता आ मारे, म्हणजे समुद्राकडचा दरवाजा. सध्याचा दरवाजा १६३७ चा, फेर्दिनांदो दुसऱ्याच्या काळातला. त्याच्यातून आत गेलं की पियाझ्झा काव्हूर आणि तिथून पुढे पायऱ्या. पायऱ्या, पायऱ्या आणि पायऱ्या. ह्या गावात चाकांची बॅग आणू नका, पाठीवरची सॅक आणा, आणि तळवा घट्ट धरणारे बूट, कारण दगड पायांनी घासून गुळगुळीत झालेत.

आमची खोली अशाच एका पायऱ्यांच्या गल्लीत होती. घरमालकीण आजी, पंच्याहत्तरीच्या असतील, आम्ही यायच्या आधीच खाली येऊन थांबल्या होत्या आणि त्यांनी आईच्या हातातली पिशवी काढून घेतली, आई नको नको म्हणत असताना. दोघींना एकमेकींची एक शब्द भाषा येत नाही. संध्याकाळी मी खाली गेले तर दोघी स्वयंपाकघरात घेवडा निवडत बसल्या होत्या आणि आई मराठीत, आजी इटालियनमध्ये, व्यवस्थित बोलत होत्या.

रात्री जेवायला गुर्गुल्योने. हे बेटाच्या पूर्वेकडच्या रिओ भागातलं साधं जेवण, वांगी, ढबू मिरची, टोमॅटो, कांदा, बटाटा वगैरे ऑलिव्ह तेलात मंद शिजवलेलं, खाणीत काम करणाऱ्यांच्या घरातलं. शाकाहारी माणसासाठी एल्बावर हा शब्द पाठ करून ठेवावा. बाकी मेनू बहुतेक समुद्रातलाच असतो.

शनिवार: सकाळपासून तटावर

सकाळी ढग होते आणि दमट वारा, दक्षिणेकडून येणारा, ज्याला इथे शिरोक्को म्हणतात. आजींनी आभाळाकडे बघून छत्री दिली.

आम्ही आधी फाल्कोनेला गेलो, सगळ्यात उंच, समुद्रापासून साधारण ७९ मीटर. वर पोचल्यावर दादाने मोबाईलवर नकाशा काढला आणि आम्ही तिथेच बसून सगळा आराखडा समजून घेतला. तुम्हीही सुरुवात इथूनच करा, नंतर खाली फिरताना प्रत्येक वळणाचा अर्थ लागतो.

गोष्ट अशी आहे. १६व्या शतकात ह्या समुद्रात उत्तर आफ्रिकेतल्या चाच्यांची आणि ऑटोमन आरमाराची दहशत होती. ऑटोमन आरमाराचा प्रमुख बार्बारोसा, त्याने १५३४ मध्ये आणि परत १५४४ मध्ये एल्बा लुटलं, गावं जाळली, माणसं गुलाम म्हणून धरून नेली. बेट होतं पिओम्बिनोच्या आप्पियानी घराण्याचं, आणि त्यांच्याकडे ते राखण्याची ताकद नव्हती. कोझिमो तेव्हा फ्लोरेन्सचा ड्यूक, अजून तिशीच्या आतला. त्याला तोस्कानाचा किनारा सांभाळायचा होता, एल्बाच्या लोखंडावरही डोळा होता. सम्राट पाचव्या चार्ल्सची परवानगी मिळवून त्याने १५४८ च्या वसंतात हजार माणसं इथे उतरवली आणि कामाला लावली. इंजिनियर होता जोव्हान्नी बात्तिस्ता बेल्लुच्ची, सान मारिनोचा, आणि त्याच्यानंतर जोव्हान्नी कामेरिनी. जागा रिकामी नव्हती, रोमन काळातल्या वस्तीचे अवशेष होते, त्याचा दगड सरळ नव्या भिंतीत गेला. आणि गावाला नाव दिलं कोझ्मोपोली, कोझिमोची नगरी.

वेग बघा, थोड्या आठवड्यांत तट लढण्याइतपत उभा राहिला होता. ५ वर्षांनी, १५५३ मध्ये, द्रागुतचं तुर्की आरमार फ्रेंच जहाजं सोबत घेऊन आलं. त्यांनी बाकीचं बेट उद्ध्वस्त केलं, कापोलिव्हेरी, रिओ, मार्चाना, काही सोडलं नाही, पण पोर्तोफेराइओ त्यांना घेता आलं नाही. बेटावरची कितीतरी माणसं ह्याच भिंतींच्या आत येऊन वाचली. मी फाल्कोनेच्या कठड्यावर हात ठेवून उभी होते तेव्हा माझ्या डोक्यात तेच होतं, की ही भिंत ज्या कारणासाठी बांधली ते कारण ५ वर्षांत दारात येऊन उभं राहिलं आणि भिंत टिकली.

आता ती टिकली का, तर आकारामुळे. जुन्या किल्ल्यांच्या भिंती उंच आणि सरळ, तोफा आल्यावर त्या निकामी झाल्या. इथल्या भिंती बुटक्या, जाड, बाहेरच्या बाजूने उतरत्या, आणि बुरूज बाणाच्या टोकासारखे बाहेर आलेले, म्हणजे एका बुरुजावरच्या तोफेला शेजारच्या बुरुजाचा पायथा दिसतो आणि भिंतीला चिकटून लपायला शत्रूला जागाच उरत नाही. त्यात तीन किल्ल्यांचा त्रिकोण: पश्चिमेला उंच फाल्कोने, पूर्वेला स्तेल्ला आणि खाली पाण्यावर लिंग्वेल्ला. बंदरात शिरणारं जहाज वरूनही माऱ्यात आणि खालूनही.

जमिनीच्या बाजूला, जिथे हा खडक बेटाला जोडलेला आहे, तिथे तर बुरुजांचे थरच्या थर आहेत. पोर्ता आ तेर्रातून, म्हणजे जमिनीकडच्या दरवाजातून, आत यायचं म्हणजे बोगद्यातून वळत वळत यायचं. ह्या भागाला फ्रोंते द'आत्ताक्को म्हणतात आणि पर्यटक इकडे सगळ्यात कमी येतात, आम्हाला तर कितीतरी वेळ कुणीच भेटलं नाही, फक्त तटावर केपरची झुडपं, मांजरं आणि कोपऱ्यात बसून चित्र काढणारा एक शाळकरी मुलगा. मला विचाराल तर वेळ कमी असेल तर एखादा बीच सोडा पण हा भाग सोडू नका.

फोर्ते स्तेल्ला नावाप्रमाणे चांदणीच्या आकाराचा. इथे मला फार आनंद झाला, कारण आत लोक राहतात. दोरीवर चादरी वाळत होत्या, कुणाच्या तरी खिडकीतून रेडिओ ऐकू येत होता, तुळशीच्या जातीतल्या बासिलच्या कुंड्या होत्या. एक आजोबा दारात खुर्ची टाकून बसले होते. दादाने विचारलं की भिंतीच्या आत राहायला कसं वाटतं, तर ते म्हणाले की हिवाळ्यात वारा सुटला की बाहेरच्या लोकांना त्रास, आम्हाला भिंत आहे. आणि मग आम्हाला हाताला धरून कठड्यापाशी नेलं आणि दीपगृह दाखवलं, हे १७८८ चं, ग्रँड ड्यूक पिएत्रो लेओपोल्दोच्या काळातलं, अजून रात्री लागतं.

याच स्तेल्लाच्या दारावर एकेकाळी बेन्व्हेनुतो चेल्लिनीने घडवलेला कोझिमोचा ब्राँझचा अर्धपुतळा होता. १५५७ मध्ये तो इथे पाठवला, १७८१ मध्ये परत फ्लोरेन्सला नेला, आता बार्जेल्लो म्युझियममध्ये आहे. इतकी वर्षं तो भेदक चेहरा समुद्राकडे बघत होता. फ्लोरेन्सला जाणार असाल तर तो जरूर बघा, आणि पालाझ्झो व्हेक्क्योमध्ये वझारीने काढलेलं एक गोल चित्रही बघा, कोझिमो एल्बाच्या तटबंदीचं काम पाहतोय असं.

दुपारी पाऊस आलाच. धावत एका लहानशा पिझ्झाच्या दुकानात घुसलो, आणि तिथे मोठ्या गोल थाळ्यात भट्टीतून नुकतं काढलेलं पिवळं काहीतरी होतं, कडा करपलेल्या. तोर्ता दी चेची. हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ, वरून मिरपूड. आईने एक घास घेतला आणि म्हणाली, "हे तर बेसनाचं धिरडं, फक्त जाड आणि भट्टीतलं." दुकानातल्या मुलीला दादाने ते सांगितलं, तिने आमच्याकडे हे कशाबरोबर खातात असं विचारलं, आई म्हणाली हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि मग ठेचा म्हणजे काय ते समजावण्यात दादाची चांगलीच परीक्षा झाली. तिने शेवटी आतून सुक्या लाल मिरचीचं तेल आणून दिलं आणि ते अप्रतिम लागलं. पाऊस थांबेपर्यंत आम्ही तिथेच होतो.

संध्याकाळी आभाळ धुऊन निघाल्यावर लिंग्वेल्ला. बुरूज सुंदर आहे पण आतली गोष्ट भयंकर. जोव्हान्नी पास्सानान्ते नावाचा गरीब स्वयंपाकी, त्याने १७ नोव्हेंबर १८७८ ला नेपल्समध्ये राजा उंबेर्तो पहिला ह्याच्यावर छोट्या चाकूने हल्ला केला. राजा वाचला. पास्सानान्तेची फाशी रद्द करून त्याला जन्मठेप दिली आणि ह्या बुरुजात आणून कोंडलं, समुद्राच्या पातळीखालच्या अंधाऱ्या कोठडीत, साखळदंडात. १० वर्षांनी बाहेर काढला तेव्हा तो मनाने पार खचलेला होता, पुढे मोंतेलुपोच्या वेड्यांच्या इस्पितळात त्याचा मृत्यू झाला. बाजूने जाणाऱ्या खलाशांना त्याच्या किंकाळ्या ऐकू यायच्या असं इथे सांगतात. गावातले काहीजण अजूनही ह्याला पास्सानान्तेचा बुरूज म्हणतात. आई आत आली नाही, बाहेर कट्ट्यावर बसून राहिली. मलाही तिथून लवकर निघावंसं वाटलं.

बुरुजाला लागूनच पुरातत्त्व संग्रहालय आहे, लहान पण नेटकं, समुद्रात बुडालेल्या जहाजांमधले आंफोरा, म्हणजे दोन कानांचे मातीचे उभट घडे, वगैरे. उघडायची वेळ सीझनप्रमाणे बदलते, आदल्या दिवशी खात्री करून घ्या.

रविवार: नेपोलियनचा दिवस

आजींनी सकाळी स्कियाच्चा ब्रिआका आणून ठेवला होता, बेटाचा सगळ्यात प्रसिद्ध केक, अक्रोड, बदाम, बेदाणे घातलेला, फुगवण्यासाठी काही न वापरलेला, कडक, वरून लालसर. ह्यात अलेआतिको ही गोड वाईन घालतात. आईने दोनदा विचारलं की भट्टीत गेल्यावर दारू उडते ना, आजींनी हात उडवून दाखवला की सगळी गेली, आणि मग आईने खाल्ला. पूर्वी खलाशी हा सोबत न्यायचे कारण टिकतो खूप. विकत घ्यायला उत्तम, विमानातून आणला तरी मोडत नाही.

तर नेपोलियन. एप्रिल १८१४ मध्ये त्याने गादी सोडली आणि फोंतेनब्लोच्या तहात त्याला एल्बाचं राज्य मिळालं, पदवी सम्राट, प्रजा बेटावरची हजारो माणसं. ब्रिटिश युद्धनौका अनडॉन्टेड त्याला घेऊन आली, ३ मे ला बंदराबाहेर पोचली, ४ मे ला तो दार्सेनाच्या धक्क्यावर उतरला. बोटीवरच त्याने नवा झेंडा ठरवला होता, पांढरा, तिरका लाल पट्टा, त्यावर तीन सोनेरी मधमाशा. हा झेंडा अजूनही गावात जागोजागी दिसतो. पहिला मुक्काम टाउन हॉलमध्ये. त्या इमारतीला बिस्कोत्तेरिया म्हणतात, कारण मेदिचींच्या काळात तिथे खलाशांसाठी आणि शिबंदीसाठी कडक बिस्किटं भाजायचे. ह्या गावात लहानपणीचा व्हिक्टर ह्यूगोही काही काळ होता, त्याचे वडील इथल्या फ्रेंच फौजेवर अधिकारी होते.

मग त्याने स्वतःसाठी जागा निवडली ती फाल्कोने आणि स्तेल्ला ह्यांच्या मधली खिंड, जिथे एकेकाळी पवनचक्क्या होत्या. म्हणून पालाझ्झिना देई मुलिनी. घर मेदिचींच्या काळातलं, त्याने वर मजला चढवला. आत फर्निचर, पुस्तकं, पलंग असं सगळं आहे, पण माझं मन गेलं मागच्या बागेत. बाग तटाच्या कडेवर संपते, खाली सरळ निळं पाणी, आणि स्वच्छ हवेत समोर मुख्य भूमी दिसते. युरोपभर फौजा नेलेल्या माणसाला रोज सकाळी ते दिसत असणार. सैनिकाची नजर होती त्याची, गावातली सगळ्यात सुरक्षित जागा त्याने बरोबर ओळखली, दोन्ही बाजूला कोझिमोचे किल्ले.

१० महिन्यांत काम मात्र त्याने खूप केलं आणि हे गावातले लोक अजून कौतुकाने सांगतात. रस्ते, गावाची स्वच्छता, लोखंडाच्या खाणींची व्यवस्था. त्याला फ्रान्सकडून वर्षाला २० लाख फ्रँक मिळायचे ठरलं होतं, ते कधी आलेच नाहीत, आणि इतकी शिबंदी पोसायची कशी हा प्रश्न त्याला सतत होता. नाट्यगृह बांधायचं ठरलं तेव्हाही पैसे नव्हते, म्हणून बंद पडलेलं कार्मिने चर्च घेतलं आणि बॉक्स, म्हणजे बसायचे खाजगी सज्जे, गावातल्या ऐपतदार कुटुंबांना विकून खर्च भागवला. तेआत्रो देई विजिलांती, जानेवारी १८१५ मध्ये सुरू झालं. पडद्यावर चित्र आहे स्वर्गातून हद्दपार झालेल्या अपोलो देवाचं, जो पृथ्वीवर गुरं राखतोय. लहानसं, उबदार, लाकडी सज्जांचं नाट्यगृह आहे, अजून प्रयोग होतात.

दुपारनंतर बसने सान मार्तिनोला, गावापासून पाचेक किलोमीटर आत डोंगरात, त्याचं उन्हाळ्यातलं घर. समोर दिसतो तो भव्य दगडी दर्शनी भाग नेपोलियनचा नाही, तो १८५१ च्या सुमाराला रशियन धनाढ्य आनातोल देमिदोफने बांधलेला, ज्याचं लग्न नेपोलियनच्या पुतणीशी झालं होतं. खरं घर मागे वर, साधं, पांढरं. आत इजिप्तच्या मोहिमेची आठवण म्हणून रंगवलेली खोली, मधे कारंजं. पण सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते दुसऱ्या खोलीचं छत: दोन कबुतरं, चोचीत एक फीत, आणि ती एकमेकांपासून लांब उडतात तशी फितीची गाठ घट्ट होत जाते. बायको मारी लुईझसाठी हे काढून घेतलं होतं असं सांगतात. ती कधीच आली नाही. त्याची आई आली, बहीण पोलिन आली, पोलंडची मारिया वालेव्स्का मुलाला घेऊन दोन दिवसांसाठी आली, पण ती नाही. आमच्या आईला हे इतकं लागलं की परतीच्या बसमध्ये ती त्याबद्दलच बोलत होती, "मुलगासुद्धा नाही भेटला ना रे त्याला परत?" दादा म्हणाला नाही भेटला.

२६ फेब्रुवारी १८१५, रविवार होता, पाळत ठेवायला नेमलेला ब्रिटिश कर्नल कँपबेल बेटाबाहेर होता, आणि संध्याकाळी नेपोलियन इन्कॉन्स्तान ह्या जहाजावर चढून हजारभर माणसं घेऊन ह्याच दार्सेनातून निघाला. २० मार्चला पॅरिसमध्ये, १८ जूनला वॉटर्लू. गावातल्या मिझेरिकोर्दिया चर्चमध्ये दरवर्षी ५ मे ला, त्याच्या मृत्यूच्या दिवशी, अजून त्याच्यासाठी प्रार्थना होते.

टिप: मुलिनी आणि सान मार्तिनो दोन्हीचं एकत्र तिकीट घ्या, स्वस्त पडतं. आणि बसचं परतीचं वेळापत्रक उतरल्या उतरल्या फोटो काढून ठेवा, रविवारी बस कमी असतात.

संध्याकाळी ले गिआइएला पाय पाण्यात घालून बसलो. गावाच्या भिंतीच्या मागचाच बीच, वाळू नाही, पांढरे गोटे आणि त्यांवर काळसर ठिपके. दंतकथा अशी की ग्रीक पुराणातले आर्गोनॉट वीर इथे थांबले होते आणि त्यांच्या घामाचे हे डाग. हा पट्टा समुद्री जिवांसाठी संरक्षित आहे, मास्क लावून डोकं पाण्यात घातलं की माश्यांचे थवे अगदी हाताजवळून जातात. गोटे उचलून आणू नका, बंदी आहे.

सोमवार: बाहेरून गाव बघायला

आई आजींबरोबर बाजारात गेली. दादा आणि मी आखाताच्या पलीकडे.

आधी व्हिल्ला देल्ले ग्रोत्ते, रोमन काळातल्या बंगल्याचे अवशेष, बरोबर गावासमोर. गडद हिरवट आणि पांढरट दगडांची जाळीदार रचना अजून दिसते. इथून खाली किनाऱ्याला सान जोव्हान्नीत उत्खननात मातीचे प्रचंड रांजण सापडले, वाईनचे, आणि त्यांवर ते घडवणाऱ्याचा शिक्का, हेर्मिया, एका रोमन उमरावाचा गुलाम. दोन हजार वर्षांनी त्या सगळ्यातून नीट वाचता आलेलं नाव त्याचं, हे मला खूप मोठं वाटलं.

मग व्होल्तेर्राइओ. ३९४ मीटरच्या सुळक्यावर पिसाच्या लोकांनी बांधलेला मध्ययुगीन किल्ला, कोझिमोच्याही आधीचा. रस्त्यापासून वर दगडांतली वाट आहे, अर्धा-पाऊण तास, सावली अजिबात नाही, पाणी न्या आणि सकाळी लवकर चढा. आतून बघायचं असेल तर राष्ट्रीय उद्यानाची गाइडेड टूर आधी बुक करावी लागते, आम्ही बाहेरूनच पाहिला. आज वारा बदलला होता, वायव्येकडून कोरडा माएस्त्राले, आणि हवा इतकी स्वच्छ की कोर्सिकाचे डोंगर दिसत होते.

वरून पोर्तोफेराइओ हातात मावेल एवढं दिसतं आणि तिथे एकदाचा सगळा इतिहास एका नजरेत बसतो. १५५७ मध्ये कोझिमोकडे फक्त हे गाव आणि भोवतालची थोडी जमीन राहिली, बाकीचं बेट आप्पियानींना परत गेलं, पुढे स्पेनने पलीकडच्या बाजूला लोंगोनेला, म्हणजे आजच्या पोर्तो अझ्झुर्रोला, स्वतःचा किल्ला बांधला, तो आज तुरुंग आहे. एवढंसं २२४ चौरस किलोमीटरचं बेट आणि तीन सत्ता. १७९६ मध्ये नेल्सन इथे ब्रिटिश फौज घेऊन उतरला. १८०१ मध्ये फ्रेंचांनी वेढा घातला, तोस्कानाची आणि ब्रिटिशांची शिबंदी महिनोन्महिने लढली, तट पडला नाही, १८०२ मध्ये आमियांच्या तहात सह्या झाल्या आणि गाव फ्रेंचांना देऊन टाकावं लागलं. दादा म्हणाला, "भिंतीने तिचं काम केलं की."

खाली बंदराच्या कडेला जिथे आता पार्किंग आणि सुपरमार्केट आहेत तिथे २०व्या शतकाच्या सुरुवातीपासून लोखंडाच्या भट्ट्या होत्या, बेटावरचं खनिज तिथेच वितळायचं. दुसऱ्या महायुद्धात त्या गेल्या. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन विमानांनी गावावर बाँब टाकले, जून १९४४ मध्ये फ्रेंच फौजांनी, ज्यात आफ्रिकेतले सैनिक मोठ्या संख्येने होते, बेट सोडवलं. तोफगोळ्यांसाठी बांधलेल्या भिंतीला वरून पडणाऱ्या बाँबचं काही करता येत नव्हतं. आजींनी रात्री सांगितलं होतं की त्यांचे आई-वडील तेव्हा तटाच्या खालच्या बोगद्यांत लपायचे, म्हणजे तेव्हाही भिंत कामाला आलीच. शेवटची खाण १९८१ मध्ये बंद झाली, त्यानंतर बेट पर्यटनावर जगतं.

परत आलो तर आई आजींच्या दारात बसून त्यांना कांद्याच्या पिठल्याची कृती हातवाऱ्यांनी सांगत होती, आणि आजी ती कॅलेंडरच्या मागे लिहून घेत होत्या. दादाने मग नीट भाषांतर करून दिलं, हिंगाला काय म्हणावं तिथे अडलं, म्हणून आईने पर्समधली हिंगाची छोटी डबी काढून त्यांनाच देऊन टाकली. आजींनी त्याचा वास घेतला, चेहरा एकदम आक्रसला, आणि तरीही डबी नीट बंद करून फडताळात वरच्या फळीवर ठेवली.

संध्याकाळची फेरी होती, शेवटच्या फेरीच्या आधीची. हे मुद्दाम सांगते, शेवटच्या फेरीवर अवलंबून राहू नका, लिबेच्चो, म्हणजे नैऋत्येकडचा वारा, जोरात सुटला की फेऱ्या रद्द होतात आणि पिओम्बिनोहून पुढच्या ट्रेन रात्री मिळत नाहीत. परतताना गाव डाव्या बाजूला असतं, तेव्हा डेकवर डावीकडची जागा धरा. लिंग्वेल्ला अगदी जवळून जातो, मग स्तेल्लाचा कडा, मुलिनीची बाग, आणि बोट आखाताबाहेर पडून वळेपर्यंत फाल्कोने दिसत राहतो.